छापलेला शब्द तोंडातून बाहेर येईपर्यंत डोक्यात काय घडतं?

गोदाकाठ
मराठी जशी लिहितो तशीच वाचतो, असं आपण सगळेच म्हणतो. मुलांना वाचायला शिकवतो तेही याच भरवशावर. मुळाक्षरं झाली, बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली की मूल वाचायला लागलं. पंचवटीत आम्ही काही बायका शनिवारी दुपारी मुलांना गोष्टींची पुस्तकं मोठ्यांदा वाचायला बसवतो. तिथे त्यांचं वाचन ऐकून ऐकून मला या भरवशाबद्दल शंका यायला लागली आहे.

एक उदाहरण देते. तिसरीतली मुलगी 'राजू शाळेत जात होता' हे वाक्य वाचत होती. तिने 'जात' शब्द आधी 'जातपात'मधल्यासारखा म्हटला, म्हणजे 'जीव'मधला ज. तशीच 'होता'पर्यंत गेली, थबकली, आणि कुणी काही न सांगता वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी 'जाळं', 'जावई' यातला ज बरोबर आला. कागदावर अक्षर तेच, काना तोच, त तोच. मग दुसरा ज तिला कुणी सांगितला? कागदाने तर नाही.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. डोळ्याला आकार दिसतो आणि जिभेवर आवाज येतो, यांच्या मध्ये काय काय होतं? मला वाटतं की जो शब्द मुलाच्या कानावर कधी पडलेलाच नाही, तो नुसत्या बाराखडीच्या जोरावर नीट वाचता येत नाही. इथे शिक्षक आहेत, दवाखान्यात काम करणारे आहेत, माईकसमोर वाचणारे आहेत. ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा.

छापखाना_रोड
चांगला विषय काढलात ताई. मी नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालो, तेव्हा माझं उदाहरण नोटेचंच असणार. शंभराची नोट घ्या. मागे भाषांची पट्टी आहे, पंधरा भाषा एकाखाली एक. तमिळ, ओडिया, मल्याळमवरून नजर फिरते, पण आतून आवाज उमटत नाही. गुजराती बरीचशी लागते. आणि 'शंभर रुपये' दिसलं की ते न वाचणं आपल्या हातात राहत नाही, वाचून झालेलंच असतं.

आता त्याच पट्टीतल्या देवनागरीतल्या बाकीच्या ओळी बघा. नेपाळीत 'एक सय रुपियाँ', संस्कृतात 'शतं रूप्यकाणि'. मला नेपाळी येत नाही, पण मी ती ओळ मोठ्यांदा वाचू शकतो. उलट पुढच्या बाजूला १०० हा आकडा आहे. त्यात 'शंभर'मधला श नाही की भ नाही, तरी तोंडातून 'शंभर' येतं. म्हणजे एकीकडे अर्थ नाही पण आवाज निघतो, आणि दुसरीकडे आवाज लिहिलेलाच नाही, अर्थ मात्र पोचतो. ही दोन कामं मेंदू एकाच ठिकाणी करतो का?

मेंदूचा_विद्यार्थी
काका, तुम्ही नोटेवर अख्खं प्रकरणच मांडलंत. मी पुण्यात मानसशास्त्र शिकतो, घर गंगापूर रोडला. हाच प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जॉन मार्शल आणि फ्रेडा न्यूकम या दोघांनी १९७३ मध्ये मेंदूला इजा झालेल्या इंग्रजी भाषकांच्या वाचनातल्या चुका मांडल्या. चुका एकसारख्या नव्हत्या, त्यांचे प्रकार पडत होते. एकाला अक्षरांवरून आवाज लावता यायचा, पण त्यापलीकडे काही नाही. 'लिसन' या शब्दात टी लिहितात पण उच्चारत नाहीत. त्याने तो टी उच्चारून 'लिस्टन' वाचलं आणि ते एका मुष्टियोद्ध्याचं नाव आहे असं सांगितलं. म्हणजे जे तोंडातून निघालं त्याचाच अर्थ त्याने लावला. दुसऱ्याचं उलटं. समोर 'इल' छापलेलं असताना तो 'सिक' म्हणायचा. दोन्हींचा अर्थ आजारी, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका आयपलीकडे काही जुळत नाही! अर्थापर्यंत पोचला होता, आवाजाचा दुवा मात्र तुटला होता. अशा रुग्णांना निरर्थक शब्द, समजा 'टमुकी', वाचायला दिला तर अजिबात वाचता येत नाही.

यातून दोन वाटांची कल्पना पक्की झाली. एक वाट अक्षर-आवाजाच्या नियमांची. काका नेपाळी वाचतात ते याच वाटेने. दुसरी ओळखीची. शब्द पूर्वी शेकडो वेळा पाहिलेला असतो, तो दिसताच त्याची मनातली नोंद जागी होते आणि नोंदीसोबत उच्चारही हाती येतो. दोन्ही वाटा एकदमच सुरू होतात, आणि ओळखीच्या शब्दाला दुसरी वाट बहुतेक वेळा आधी पोचते. मॅक्स कोल्टहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हीच मांडणी संगणकावर चालवून दाखवली. सगळ्यांना ती मान्य आहे असं नाही. मार्क सायडनबर्ग आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं की वेगळे नियम आणि वेगळी यादी न ठेवताही संगणकातलं, एकमेकांना जोडलेल्या घटकांचं एकच जाळं सरावाने नेहमीचे शब्द आणि अपवाद दोन्ही वाचायला शिकतं. हा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला जाळ्याची बाजू जास्त पटते, पण रुग्णांच्या चुका समजून घ्यायच्या असतील तर दोन वाटांची मांडणी हाताशी लागते.

मेंदूत हे कुठे होतं तेही थोडक्यात सांगतो. नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते, आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकते. टेकल्यापासून सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खालच्या अंगाला, एक छोटा भाग अक्षरांच्या आकारांना प्रतिसाद देतो. स्टॅनिस्लास देहान आणि लॉरां कोएन यांच्या कामामुळे हा भाग प्रसिद्ध झाला. तिथून पुढे आवाज सांभाळणारे कानाजवळचे भाग, अर्थाचे भाग, मग जीभ-ओठांच्या हालचाली आखणारे पुढचे भाग. शब्द दिसल्यापासून तोंडातून निघायला सुरुवात होईपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद जातो.

बाराखडी_सर
मी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर पहिलीला शिकवलं आहे, म्हणून ठामपणे लिहितो. हे सगळं संशोधन इंग्रजीवर उभं आहे. इंग्रजीत 'कर्नल' लिहायचं तर मधे एल घालतात, आर नसतोच. त्यांना ओळखीची वाट लागणारच. आपल्याला काय गरज? क ला काना का, विषय संपला. मधे शाळांमध्ये अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला लावायचे वारे आले होते. त्यातली मुलं चौथीपर्यंत अंदाजाने वाचत राहिली, 'घर'च्या जागी 'गाव' म्हणायची. ज्याची बाराखडी पक्की, त्याला कुठलाही नवा शब्द अडत नाही. गोदाकाठताई, तुमच्या त्या मुलीने 'जात' वाचलं, तेही आधी अक्षरं लागली म्हणूनच.

मेंदूचा_विद्यार्थी
सर, एक गोष्ट शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. युरोपातल्या बारा-तेरा भाषांमधल्या पहिलीच्या मुलांची तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे अक्षर आणि आवाज यांचं नातं सरळ आहे तिथली मुलं वर्षाअखेर सोपे शब्द जवळपास सगळे बरोबर वाचत होती, इंग्रजी वाचणारी मात्र कितीतरी मागे होती. आणि अनोळखी शब्द एकदा अक्षरं लावून नीट वाचला की त्याची नोंद मनात बसायला लागते, म्हणजे दुसरी वाट पहिलीच्याच जोरावर तयार होते. तेव्हा बाराखडी पक्की हवीच.

पण 'विषय संपला' हे पटत नाही. आपल्या पाट्याच बघा. 'इगतपुरी' लिहितो, म्हणतो 'इगत्पुरी'. 'मनमाड'चं 'मन्माड', 'पिंपळगाव बसवंत'चं 'पिंपळ्गाव बस्वंत'. पाय मोडलेला कुठेही दाखवलेला नाही, तरी कुठला अ गिळायचा ते आपल्याला कळतं. 'जुने नाशिक'मधला ज वेगळा, 'जेलरोड'मधला वेगळा. 'माझा' आणि 'माझी' यातला झ वेगळा, पण तिथे निदान नियम आहे: पुढे इ, ए किंवा य आला की उच्चार तालव्य होतो, म्हणजे 'जीव'मधल्या ज सारखा. 'चार' आणि 'चारा' यांना कुठला नियम लावणार? च ला काना दोन्हीकडे सारखाच. आकडा असेल तर एक च, गुरांचा असेल तर दुसरा. तिथे शब्द माहीत असण्यावाचून इलाज नाही.

अनुस्वारही तसाच. 'अंगण', 'अंत', 'आंबा' यांत टिंब एकच, पण जीभ तीन ठिकाणी जाते. 'संवाद'मध्ये चौथ्या ठिकाणी. आणि 'केलं'मधला अनुस्वार तर नाकात जातच नाही, फक्त अ लांबतो.

बाराखडी_सर
'चार' आणि 'चारा' मान्य. त्यावर मी वर्गात वेगळा तास घेत असे. पण इगतपुरीचं 'इगत्पुरी' मुलं आपोआप करतात, ते शिकवावं लागत नाही.

गोदाकाठ
सर, आपोआप होतं ते घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचं. आमच्याकडे सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांतली मुलं येतात, घरी भोजपुरी किंवा मैथिली. त्यांची बाराखडी पाठ आहे. ती 'करवत' वाचतात, प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ, आणि मग माझ्याकडे बघतात, कारण जे ऐकू आलं तो शब्द त्यांच्याकडे नाही. ज्याला करवत माहीत आहे ते मूल पहिल्या फेरीत तसंच वाचतं आणि लगेच स्वतःच 'कर्वत' म्हणतं. मला नेमकं हेच म्हणायचं आहे.

वाचोपचार
मी स्पीच थेरपिस्ट आहे, पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या लोकांसोबत काम करते. माझ्या टेबलावरचं एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार होते. बोलणं व्यवस्थित, समज व्यवस्थित. मी सांगितलं, फवारणीचा हिशेब लिहा. त्यांनी चार ओळी लिहिल्या, अक्षर वळणदार. कागद उलटा करून ठेवला, मग पुन्हा त्यांच्यासमोर धरला. स्वतःच्या हाताने लिहिलेलं त्यांना वाचता येईना. 'अक्षर दिसतंय, पण बोलत नाही,' असं म्हणाले.

हे नवीन नाही. जूल देजरीन या फ्रेंच डॉक्टरांनी १८९२ मध्ये अगदी असाच माणूस नोंदवला होता: लिहिता येतं, वाचता येत नाही. कारण असं की नजरेतून आलेला आकार डावीकडच्या त्या अक्षरांच्या भागापर्यंत पोचत नाही. हात लिहितो तो भाषेकडून निघालेल्या हुकमाने, तो रस्ता शाबूत असतो. या बागायतदारांनी स्वतःच एक उपाय शोधला. बोटाने अक्षर टेबलावर गिरवायचं, गिरवताना हाताला ते कळायचं, आणि तोंडातून आवाज निघायचा. ब ला काना, बोट उचललं, मग ग, 'बाग'. एकेक शब्दाला फार वेळ लागायचा, पण वाचायचे. असे रुग्ण जगभर असंच करताना आढळले आहेत.

आपल्या लिपीचं एक वैशिष्ट्य मला या कामात रोज दिसतं. 'आर्थिक' शब्द घ्या. डावीकडून उजवीकडे डोळ्यांना आधी आ दिसतो, मग ऱ्हस्व वेलांटी, मग थ, त्याच्या डोक्यावर रफार, शेवटी क. तोंडाने म्हणायचा क्रम: आ, र, थ, इ, क. वेलांटी आधी दिसते पण नंतर बोलायची, रफार नंतर दिसतो पण आधी बोलायचा. म्हणजे 'र्थि' हा अख्खा घास एकदम उचलल्याशिवाय उच्चार सुरूच करता येत नाही. हिंदी वाचकांवर झालेल्या प्रयोगांत ऱ्हस्व वेलांटीचे शब्द उच्चारायला जास्त वेळ लागतो असं दिसलं आहे. आजारातून उठलेला माणूस अडखळतो तोही बहुधा अशाच ठिकाणी.

कानाने_वाचणारा
वाचोपचारताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून लिहितो. मला जन्मापासून दिसत नाही. शाळेत ब्रेल शिकलो. भारती ब्रेलमध्ये 'कि' लिहिताना आधी क येतो, मग इ. रफारही बोलण्याच्या क्रमानेच. त्यामुळे दिसणाऱ्यांच्या लिपीत वेलांटी अक्षराच्या अलीकडे असते हे मला बरंच उशिरा कळलं. बोटांखालून शब्द बोलल्यासारखाच सरकतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक काम माझ्या जवळचं आहे: जन्मांध माणसं ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा तोच अक्षरांचा भाग जागा होतो जो दिसणाऱ्यांचा होतो. म्हणजे त्या भागाला डोळाच लागतो असं नाही.

हल्ली बरंचसं वाचन संगणकाच्या आवाजात ऐकतो. वर ज्या अडचणी निघाल्या त्या सगळ्या मी रोज ऐकतो. मी वापरतो तो आवाज अ कुठे गिळायचा ते आता बऱ्यापैकी ओळखतो, पण 'जात' आणि 'जग' यात हमखास चुकतो. 'मला सुखाने जगू दे' ठीक येतं, कारण 'जगू'ला एकच उच्चार. 'तू सुखाने जग' आलं की तो 'जगात'मधला जग म्हणतो. त्या मुलीने मागे वळून वाक्य दुरुस्त केलं, हे तो करत नाही. वाक्य कळल्याशिवाय ते करता येणार नाही. मराठी आवाज तयार करणाऱ्यांनी दोन उच्चारांच्या शब्दांवर मेहनत घ्यावी अशी माझी कळकळीची मागणी आहे. आम्हाला कादंबरी ऐकताना दर पानावर ठेच लागते.

सिडकोची_आई
वाचते आहे सगळं. माझा मुलगा चौथीत आहे. मराठी बरोबर वाचतो पण इतकं हळू की ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतो. इंग्रजी तर बंदच. वर्गशिक्षिका म्हणतात लक्ष नाही, आळस आहे. हे याच विषयातलं आहे का?

वाचोपचार
सिडकोची_आई, असू शकतं, न तपासता सांगता येणार नाही. पण 'मराठी बरोबर वाचतो म्हणजे अडचण नाही' असं धरून चालू नका. जिथे अक्षर-आवाजाचं नातं सरळ असतं तिथे वाचनाची अडचण चुकांतून कमी आणि वेगातून जास्त दिसते. जर्मन आणि इटालियन मुलांत हे नीट नोंदवलेलं आहे. मूल प्रत्येक शब्द पहिल्या वाटेनेच लावत बसतं, ओळखीची वाट तयार होत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मुलांसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी करा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. निदान झालं आणि अधिकृत प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. आणि त्याला आळशी हा शब्द घरात तरी कुणी वापरू नका. ही मुलं एका पानासाठी इतरांच्या कितीतरी पट कष्ट घेत असतात.

सिडकोची_आई
ताई, फार आधार वाटला. उद्याच डोळ्यांपासून सुरुवात करते.

मायक्रोफोन
रेडिओवर बातम्या वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून फक्त एका गोष्टीबद्दल लिहितो. मोठ्यांदा वाचताना नजर आणि आवाज एका जागी नसतात. नजर पुढे असते. बसवेल नावाच्या अभ्यासकाने १९२० मध्ये हे अंतर मोजलं होतं. तरबेज वाचकाची नजर आवाजाच्या दोनेक शब्द पुढे असते, नवशिक्याची जवळपास त्याच शब्दावर. घरी करून बघा: कुणी वाचत असताना अचानक पुस्तक झाका, तो पुढचे एक-दोन शब्द तरी म्हणेलच.

गोदाकाठताई, तुमच्या मुलीची नजर 'जात'वर असताना आवाजही तिथेच होता. 'होता' दिसायच्या आत ज बाहेर पडला. सराव झाला की नजर 'होता'ला शिवून येते आणि मगच ज सुटतो. वाचणाऱ्याचा सूरही त्याच दोन शब्दांत ठरतो, प्रश्नचिन्ह ओळीच्या शेवटी असलं तरी आवाज आधीपासून चढायला लागतो. आकड्यांना हे अंतर सगळ्यात जास्त लागतं. २३ मध्ये डोळ्याला आधी दोन दिसतो, मराठीत तोंडाला आधी तीन म्हणायचा असतो, 'तेवीस'. म्हणून मोठे आकडे आम्ही बातमीपत्रावर पेनाने अक्षरी लिहून घेत असू, आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ.

छापखाना_रोड
मायक्रोफोन, पुस्तक झाकून आत्ताच नातीवर करून बघितलं. खरंच पुढचे दोन शब्द म्हणाली.

मोठ्या वयात वाचायला शिकणाऱ्यांचं काय होतं? आमच्या शेजारच्या मावशी पन्नाशीनंतर शिकल्या. पाटी वाचतात, पण प्रत्येक वेळी ओठ हलतात.

मेंदूचा_विद्यार्थी
काका, याचं उत्तर उत्तर प्रदेशातून मिळतं, आणि आपल्याच लिपीतलं. लखनौजवळच्या गावांतल्या अक्षरओळख नसलेल्या प्रौढांना, त्यात बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर मेंदूची छायाचित्रं घेतली. ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. तेवढ्या अवधीत दृष्टीशी जोडलेल्या भागांचा आपसातला मेळ बदललेला दिसला, अगदी खोलवरच्या भागांतही. म्हणजे मोठेपणीही मेंदू वाचनासाठी जागा करून देतो. ओठ हलतात कारण अजून पहिली वाटच चालू आहे. आपण मनात वाचतो तेव्हाही आतला आवाज पुष्कळदा असतोच, फक्त ओठांपर्यंत येत नाही. मावशींना रोज थोडं, आवडीचं आणि तेच तेच वाचायला द्या. पाठ असलेले अभंग छापील वाचले तर उत्तम, उच्चार आधीच तयार असतो आणि डोळा त्याला आकार जोडत जातो.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. या शनिवारपासून बदल करत आहोत. गोष्ट मुलांच्या हातात देण्याआधी आमच्यापैकी एक जण ती पूर्ण वाचून दाखवेल, आणि जे शब्द मुलांच्या घरात नाहीत ते आधी बोलण्यात आणू. करवत असेल तर खरी करवत आणू. बाराखडीचा सराव आहे तसाच चालू राहील. बाराखडी_सर, दोन उच्चारांच्या शब्दांची यादी तुमच्याकडे असेल तर द्याल का? आणि जमलं तर एखाद्या शनिवारी यावं.

बाराखडी_सर
यादी माझ्या जुन्या वहीत आहे. सुरुवात 'जात', 'जग', 'चार' आणि 'चारा' यांनी करा, मुलांना ते बोलण्यातून माहीत असतात. 'जरा' घेऊ नका. म्हातारपण या अर्थाचा 'जरा' तिसरीच्या मुलाने ऐकलेला नसतो, त्याला एकच उच्चार सुचणार आणि त्याच्यासाठी तोच बरोबर आहे. शब्द सुटे लिहू नका, प्रत्येकाची दोन छोटी वाक्यं करा, आणि ठरवणारा शब्द एकदा आधी ठेवा, एकदा नंतर. नंतर ठेवलेलं जे मूल न अडखळता वाचेल त्याची नजर पुढे जायला लागली असं समजा. पुढच्या शनिवारी येतो, वही घेऊन.